पास खिडकी

जिंतूरच्या स्टँडवर पासची खिडकी
दहाला उघडते, म्हणजे सव्वादहाला.
आत मैनोद्दीनभाई, शिक्का, निळी शाई,
आणि बिस्किटाच्या डब्यात
फोटोंचे कापून उरलेले पांढरे कोपरे.

मला कॉलेजनं काम दिलंय :
गळती समिती, सचिव.
मी स्वतः तासिका तत्त्वावर.
मार्चात गळतो,
जुलैत पुन्हा उगवतो.

समितीत सात जण, सात रजिस्टरं.
एकात मुंजाजी घुगेच्या नावावर दोन पुस्तकं बाकी,
म्हणून दुसऱ्यात त्याचा परीक्षेचा अर्ज अडलेला,
म्हणून तिसऱ्यात शिष्यवृत्तीपुढं 'अपूर्ण',
आणि वसतिगृहाच्या वहीत मात्र
तो अजून जेवतोय,
रोज दोन वेळा, तीन-तीन पोळ्या.

मुंजाजी वाळूजला आहे.
रात्रपाळीत नट आवळतो.
हे सातांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

सांगितलं मैनोद्दीनभाईंनी,
चहाची बशी वहीवर झाकण ठेवून :
"तुमचं लेकरू गेलेलं तुम्हाला
निकालाला कळतं, सर.
मला महिन्याच्या महिन्याला कळतं.
पास काढायला आलं नाही की गेलं."
मग वही उलटी केली.
मागच्या पानांवर नावं,
गाव, शेवटची तारीख, एखादा शेरा.
ही माहिती कुठल्याच कार्यालयानं कधी मागितली नव्हती.

दैवशाला कांगणे. चारठाणा. नऊ जानेवारी.
शेरा : 'पंधरा दिवसांचा मिळतो का विचारत होती.
म्हटलं, असा नसतो माय.'

मी त्या बाकड्यावर बसून
सात रजिस्टरं एका दोनशे पानीत उतरवली.
ग्रंथपाल बाईंनी दंड स्वतःच्या पर्समधून भरला
आणि मला सांगितलं, बोलू नका कुठं.
परीक्षा विभाग म्हणाला, लिंक बंद झाली.
मी म्हणालो, उघडा.
म्हणाला, विद्यापीठ उघडतं.
असे चार दिवस.
पाचव्या दिवशी ती उघडली,
कुणी उघडली, का उघडली, देव जाणे.

चारठाण्यात दैवशाला
पिठाच्या गिरणीत उभी होती,
पापण्यांवर ज्वारी.
पट्टा चालू असल्यामुळं ओरडून बोलावं लागत होतं.
"एकच पेपर राहिला, सर, मागल्या साली!"
कोणता?
तिनं गिरणी बंद केली.
अचानक इतकं शांत झालं
की डब्यात पडणारं शेवटचं पीठ ऐकू आलं.
"भूगोल," ती म्हणाली.
"तुमचाच. चौथं प्रकरण येईना मला."

चौथं प्रकरण.
मागच्या फेब्रुवारीत माझे मंजूर तास संपले होते.
मी डस्टर कपाटात ठेवून
घरी गेलो होतो.
चौथं प्रकरण मी शिकवलंच नव्हतं.

समितीच्या नमुन्यात गळतीच्या कारणांना
अकरा रकाने आहेत.
विवाह, स्थलांतर, आजारपण, इतर.
मी पेन उघडं धरून बराच वेळ
'इतर'वर थांबलो होतो.

मग एका पायलीच्या पोत्यावर बसून,
पिठाच्या थरावर बोटानं
नदी काढली.
ती वळण घेते तेव्हा
बाहेरचा काठ खाते
आणि आतल्या काठावर गाळ टाकत जाते.
"म्हणजे सरकते," दैवशाला म्हणाली.
हो, सरकते.
मध्ये दोन गिऱ्हाइकं आली,
तिनं नदीवरच सूप ठेवलं,
दळून दिलं,
आम्ही पुन्हा काढली.

सोमवारी सव्वादहाला ती खिडकीपाशी.
फोटो दहावीतला, दोन वेण्यांचा.
"चालंल का?"
मैनोद्दीनभाईंनी फोटोकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं,
कात्रीनं कोपरा कापला,
डब्यात टाकला,
आणि शिक्का मारला, जरा तिरका.

मुंजाजीचा फोन लागतो, तो उचलत नाही.
वसतिगृहात विचारलं.
काल रात्रीही जेवला म्हणाले.