पंचवीस वॅट

वेंगुर्ल्याच्या बाजारात बस्त्यांव डिसोजाने
दुकानातच दोन पट्ट्या पेटवून दाखवल्या,
एक पांढरी, एक पिवळसर,
आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
मी म्हटलं, पांढरी. अक्षर स्वच्छ दिसेल.
"बाय, ह्यो पांढरो घेव नकात.
ह्येच्यात ताजी इसवण पण चार दिसांची दिसता."

मग तीन हजार केल्विन.
आकडा मी बिलाच्या मागे लिहून ठेवला,
नव्या सोयऱ्याचं नाव लिहावं तसा.

खारभूमीच्या कचेरीत बत्तीस वर्षं मी ट्रेसर होते.
काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट, वर नकाशा,
नकाशावर ट्रेसिंग पेपर, त्यावर ओणवी मी.
बांध, उघाडी, खाजण, भरतीची रेषा,
सगळं मला खालून उजळलेलंच ठाऊक.
म्हणून म्हटलं, पट्टी खाली लाव, फळीच्या मागच्या कडेला.
त्याने वाद घातला नाही. लावली. बटण दाबलं.
पुस्तकं एकदम काळी झाली,
सांजेला जेटीवर माणसं उभी असतात तशी,
ओळखीची, पण कोण कुठलं ते कळेना.

"आता?"
आता वर. पुढच्या कडेच्या आड,
ॲल्युमिनियमच्या खाचेत, जराशी आत कललेली,
म्हणजे उजेड पाठींवर पडेल, डोळ्यांत नाही.
फणसाच्या फळ्यांना भोकं पाडताना
हळदीसारखा भुसा लादीवर सांडला.
दिवसभर मी तो झाडला नाही.

चिकटपट्टीवर त्याचा विश्वास नव्हता.
"खाऱ्या वाऱ्यात ती तीन दिस ऱ्हवता, पावण्यासारखी."
वीत वीत अंतरावर क्लिपा,
जोडांवर सिलिकॉनचा थेंब, तांबं हिरवं पडू नये म्हणून.

शेवटी तो खालच्या बंद खणाशी टेकला.
तिथे एक जुना दिवा, पंचवीस वॅटचा,
जूनपासून दिवाळीपर्यंत रात्रंदिवस जळणारा.
त्याच्या उजेडात कोणी कधी काही वाचलं नाही.
"ह्यो काडूया? एलईडी लावतंय. अजिबात गरम होणा नाय."
तेच तर, मी म्हटलं.
तो थांबला, हसला, होल्डर पुसला
आणि दिवा परत फिरवून बसवला.

संध्याकाळी बटण दाबलं,
तर आधी ओळख झाली ती धुळीशी.
मग कसरीने काढलेली वळणं.
मग वाचनालयाचे शिक्के मिरवत, पाठ ताठ करून उभी
कधीच परत न केलेली तीन.
एक दोनदा विकत घेतलेलं, दोन्ही कोरी.

आठच्या सुमारास खिडकीशी सायकल थांबली.
कुबलांची धाकटी असावी.
"काकू, दुकान कधी उघडलात?"
दुकान नाही गं.
"आलेख कागद हवे होते. उद्या वही द्यायचीय."
बाजार मिटला होता.
तिची नजर फळीवरून फळीवर, भाव विचारत गेल्यासारखी.

मी खाली बसले. गुडघे वाजले.
बंद खण उघडला, दिव्याची ऊब हाताला लागली,
कोंबडीखालून अंडं काढताना लागते तशी.
तिथे कचेरीतलं आलेखाचं पॅड,
मिलिमीटरचे नारिंगी चौकोन,
निवृत्तीच्या दिवशी पिशवीत घातलेलं, सरकारी.
कडक कोरडं. एकही पान दुसऱ्याला चिकटलेलं नाही.
चार फाडली. मग आणखी एक.

"किती झाले?" ती म्हणाली.

आणि जिने आयुष्यात काही विकलं नाही अशी मी,
त्या उजळलेल्या भिंतीसमोर, पानं हातात धरून,
थोडा वेळ खरंच हिशेब करत राहिले.