मधूनमधून

हुमैद मक्बाली उतरतो, दार न लावताच सांगतो,
“माफी कुव्वा.” ताकद नाही.
कधी नाही?
तो पंजा हवेत डुलवतो, लाटेवरच्या होडीसारखा.
आहे. नाही. आहे.

असलं दुखणं नको वाटतं.
बंद पडलेलं इंजिन परवडलं, ते निदान खोटं बोलत नाही.
ही तर दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरणारी पोर.
सोहारच्या सनायात, माझ्या पत्र्याखाली
एकतीस वर्षांची लँड क्रूझर
एका लयीत चालते, आणि हुमैद माझ्याकडे
मीच तिला पढवून ठेवल्यासारखा बघतो.

कुठे दम सोडते?
वादी जिझ्झीच्या चढावर. बुरैमीला, लेकीकडे जाताना.
येताना?
येताना नाही.
येताना उतार आहे, हे दोघांनाही ठाऊक.
धूर? काळा नाही, पांढरा नाही.
म्हणजे उपाशी राहतेय.
बाजूला घेऊन थर्मासमधला कहवा प्यायला
की पुन्हा, काही झालंच नाही अशी.

डिझेल फिल्टर बदलला. आठवडाभर बरी.
एअर फिल्टर झटकला, मूठभर वाळू निघाली, दोष निघाला नाही.
पंपाआधी पारदर्शक नळी जोडली,
जहीरुल टॉर्च धरून बसला बुडबुड्याची वाट बघत.
मगरिबची बांग झाली तरी बुडबुडा नाही.
पंपवाला शेरदाद म्हणाला, खोलून टाक, दीडशे रियाल.
त्याला पंप खोलायचाच असतो.
मी म्हटलं, थांब. शुक्रवारी मी सोबत जातो.

नव्वद. सत्तर. पंचेचाळीस.
पाय तळापर्यंत, आणि गाडी
कुणी मागून सदरा धरल्यासारखी.
दगडाचे ट्रेलर भोंगे वाजवत पुढे गेले.
कडेला घेतली. बोनेट चटका देत होतं.
फिल्टरवरचं हातपंपाचं बटण दाबलं,
ते खालीच राहिलं. वर आलंच नाही.
म्हणजे दोष पुढे नाही, मागे.
इंजिन बंद केलं, नळी सोडवली, तोंडात धरली,
उलटी फुंकर मारली.
जिभेवर डिझेल, आणि लांब टाकीत
काहीतरी सुटल्याचा जाड आवाज. गुडुप.

ओढलं की येऊन तोंड दाबतं.
ओढ थांबली की तळाशी जाऊन पडतं.
हुमैदचा कहवा संपेपर्यंत.

शनिवारी टाकी उतरवली.
आत गंज, गाळ, एक वॉशर,
आणि चिंधी.
रॉकेलमध्ये खळबळली तेव्हा निळी. पांढऱ्या बुंदक्या.

जहीरुल हसला, कुठल्या गाढवानं कोंबली?
मी ती पुन्हा खळबळत राहिलो, उगाच.

नऊ वर्षांपूर्वी, फलजच्या गॅरेजात
अशीच एक टाकी शिवणीवर गळायची.
गाडी हुमैदच्या थोरल्या भावाची, रंग तेव्हा बदामी.
डाग मी दिला होता.
किस आत पडू नये म्हणून बोळा खुपसला असेल
आणि जेवायला गेलो असेन.
रंजना देवरुखहून आमसुलांची बरणी पाठवायची,
जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून.
तेच तुकडे मी हात पुसायला वापरायचो.

सांगावं की नाही, यात एक चहा गेला.
सांगितलं.
हुमैदनं चिंधी दोन बोटांत धरली, वास घेतला.
तीन वेळा लेकीकडे उशिरा पोचलो, म्हणाला, तीन वेळा जेवण गार.
फिल्टरचे पैसे देणार नाही.
मजुरीचे मात्र मोजून दिले.

रात्री फोनवर विचारलं,
तुझी ती निळी साडी आठवते? पांढऱ्या बुंदक्यांची?
कुठली, ती म्हणाली, निळी मी कधी नेसलेच नाही.
हिरवी असेल.

मी तारेवर बघितलं.
सनायाच्या पिवळ्या दिव्याखाली
काही कळत नव्हतं.