थप्पी

लक्ष्मीपुरीत दस्तगीर शिकलगारच्या दुकानात
मेलेल्या टीव्हींच्या मागं पडून होता तो.
खोडरबरासारख्या कळा,
एक दाबली की आतच रुतून बसायची.
सातशे म्हणाला, पाचशेला दिला,
वर एक कॅसेट, तिच्यावर हिरव्या शाईत
कुणाच्या तरी हातचं: फोर्थ.
‘गाणी न्हाईत त्यात,’ दस्तगीर म्हणाला, ‘नुसती बोंब हाय.’

बोंबच होती. टेंबलाईवाडीत, घरी,
टेपरेकॉर्डर जोडला तर चार मिनिटं
पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरल्यासारखा आवाज,
टीव्हीच्या कडेला निळ्यापिवळ्या रेघांची पळापळ.
मगदूम वहिनींनी खिडकी लावून घेतली.
मग सगळं गप.
पडद्यावर एक चौकोन, लुकलुकता,
काही न विचारणारा.

शाळेतल्या बेसिकमध्ये आधी हुकूम, मग माल.
इथं उलटं.
दोन ठेव. त्यावर तीन ठेव. मग बेरीज. मग टिंब, म्हणजे सांग.
२ ३ + .
५ ओके

मला हसूच आलं. हे तर आपल्यासारखं बोलतंय,
क्रियापद शेवटाला ठेवून.
काट्यावर आधी रवा चढतो,
आकडा मागनं पुकारतात.

आप्पा कॉटवर बसून बघत होते.
चाळीस वर्षं मार्केट यार्डात हमाली,
उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली.
त्यांना मी काय थप्पी समजावणार!
‘वरचा रवा आधी,’ ते म्हणाले,
‘खालचा ओढशील तर गूळ अंगावर.’
वरच्याची नक्कल काढायची: डूप.
‘हे यार्डात जमलं असतं तर गुऱ्हाळं कशाला पेटवली असती?’
तिसरा उचलून वर आणायचा: रॉट.
‘हे व्यापारी करायला लावायचे. तळातला दाव म्हणायचे.’
आणि थप्पी रिकामी असताना मागितलं
की खेकसतो, मुकादमासारखा.

मग नवे शब्द.
विसर्गासारखी दोन टिंबं, नाव, अर्थ, अर्धविराम. बस.
: रवा ३० * ;
‘तीस किलो, बरोबर. कधी एकतीस भरायचा.
पैसे तीसचेच.’
: दीस २०० रवा ;
‘दोनशे व्हायचे?’
‘दिवाळीच्या अंगाला जास्तच.’
: आठवडा दीस ६ * ;
कळांवर देवनागरी नाही, मी रोमन अक्षरं ठोकत होतो,
पण कानात असंच वाजत होतं.

आठवडा .
-२९५३६ ओके

उणे.
तीनदा टाइप केलं. तीनदा उणे, तीनदा ओके.
आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला.
‘म्हंजे अजून मीच देणं लागतो व्हय?’

रात्री उशिरा उमगलं.
त्याच्या आकड्याला सोळाच खाचा.
बत्तीस हजार सातशे सदुसष्टवर एक जरी ठेवला
तर काटा फिरून उण्याच्या बाजूनं येतो.
सोमवारपासून धरलं तर
शनिवारी, त्र्याण्णवाव्या रव्याला,
आप्पा त्याच्यात मावेनासे झाले होते.

टिंबाआधी एक अक्षर घालायचं, यू.
म्हणजे चिन्ह बघू नकोस, नुसतं सांग.
३६००० ओके
आप्पा झोपले होते, तो खांदा वर करून.
उठवलं नाही. बटण बंद केलं,
आणि रवा, दीस, आठवडा सगळं पुसलं गेलं;
कॅसेटवर कसं उतरवायचं हे शिकायचं राहिलं होतं.

सकाळी पुन्हा बोंब, पुन्हा खिडकी,
पुन्हा तीन ओळी.
आकडा बघून आप्पांनी मान हलवली,
पावती बरोबर असल्यासारखी.
चहा बशीत ओतता ओतता म्हणाले,
‘आता त्याच्यावर पुढचा आठवडा ठेव.’

तो मावणार नाही, ते मला माहीत होतं.
दोन घरं जोडून मोठा आकडा करतात म्हणे.
ते पान मी अजून वाचलेलं नाही.