एकशे ऐंशी दिवस

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. सोलापूर म्हणजे चुलीवर विसरलेला तवा.
मी, सिद्रामप्पा हत्तुरे, नगरपालिकेचा कारकून,
काखेत कोऱ्या याद्या, खिशात गळका टाक,
सेटलमेंटच्या तारेपाशी उभा.

घटना तेव्हा दिल्लीत मसुद्यातच होती.
ती लिहिणाऱ्यांना निवडलं होतं निवडून आलेल्यांनी,
आणि त्यांना मत दिलं होतं
ज्यांच्याकडं पट्टीची पावती होती, नाहीतर शाळेचा दाखला.
माझ्या बापाकडं दोन्ही नव्हतं.
जुन्या मिलमध्ये तीस वर्षं तुटलेलं सूत जोडत राहिला,
इतकंच.

तरी वरून हुकूम आला: घटनेसाठी थांबू नका,
एकवीस पूर्ण झालेल्या सगळ्यांची नावं लिहा.
सगळ्यांची.
हेडक्लार्क म्हणाले, "छपाईची चूक असंल बे."

तारेआड रांगेत पहिली झुंबरबाई.
नाव विचारलं, तर हात वर करून म्हणाली, "हजर!"
"हजेरी न्हाई बाई, मतदार यादी हाय."
"त्येच की ओ. चोपडी निराळी, शिपाई निराळा."

नवऱ्याचं नाव घेईना.
वय? "मार्शल लॉ लागला तवा थोरला रांगत व्हता."
मी पस्तीस लिहिलं.

मग नियम वाचून दाखवला:
वर्षात एकशे ऐंशी दिवस एका जागी राहिल्याचा पुरावा.
ती हसली. तंबाखूचे दात, आणि मागची रांगही हसली.
"पास काढल्याबिगर तळ्यापतुर गेले न्हाई मी.
माझ्याइतकं एका जागी कोन ऱ्हायलंय? तुमचा कलेक्टर?"

नाक्यावर हजेरीचं पुस्तक होतं.
सरकारी शिक्का, दिवसाला तीन खुणा, एक रकाना कोरा नाही.
सबंध शहरात असा चोख पुरावा कुणाकडं नव्हता,
ना वकिलाकडं, ना शेटजीकडं.
पोलिसांनी चोर म्हणून जपलेली नावं
मी मतदार म्हणून उतरवून घेतली.
हात थरथरला असं सांगितलं तर खोटं होईल.
घामानं कागद चिकटत होता
आणि भोंग्याआधी अजून चाळीस झोपड्या उरकायच्या होत्या.

निघताना तिनं हाक मारली,
"कारकूनसाहेब, उद्या किती वाजता यायचं?"
म्हटलं, यायचं नाही. एकदा लिहिलं की झालं.

तिला ते पटेना. तारेला धरून उभीच राहिली.
"रोज मोजल्याबिगर
सरकारला कसं कळंल ओ, आमी हाव म्हून?"