चार बोटं कमी

क्लबचा इतिहास म्हणून जी वही दाखवतात
ती मुळात वीटभट्टीची.
डाव्या पानावर विटा, उजव्यावर गोल.
माझे आजोबा, एर्मेते, दोन्हीकडचे कारकून,
पगार एकच.
पहिली नोंद: कच्च्या विटा नऊ हजार,
फुटक्या दोनशे दहा.
समोर: आम्ही शून्य, काव्हाल्दोसा सहा.
चेंडू उसना.

गाव नदीच्या खाली आहे.
पो इथं बांधाआडून, डोक्यावरून वाहते,
आणि थंडीत धुकं असं की गोलकीपर
अख्खा डाव एकटाच उभा.
मधूनच ओरडून विचारायचा,
चाललंय ना रे अजून?
एकदा खरंच संपला होता सामना.
ऊल्देरिकोला न्यायला बायको आली, कंदील घेऊन.
हे वहीत नाही. हे गावात आहे.

जाळी विणली वाम धरणाऱ्यांनी,
सवयीनं इतकी बारीक
की चेंडूबरोबर चिमण्याही अडकायच्या.

युद्धात उजवी पानं कोरी.
शेवटी शेवटी डावीसुद्धा.
एका पानावर नुसती अकरा नावं,
त्यातल्या चौघांपुढे बारीक पेन्सिलीनं:
पत्ता नाही.

मग एका रात्री बांध फुटला.
सतरा दिवस मैदान पाण्याखाली.
ओसरलं तेव्हा उत्तरेच्या गोलात गाळ बसलेला, घट्ट, 
भाजायचाच काय तो बाकी.
आडवा दांडा होता तिथंच होता,
जमीन वर आली होती.
चार बोटं.

सगळ्यांना ठाऊक. बोललं कुणी नाही.
नाणेफेक जिंकली की दुसऱ्या डावात
तो बुटका गोल आपल्या पाठीशी घ्यायचा,
एवढंच पोरांना शिकवलेलं.
एखादा रेफरी भुवया उंचावून तिकडे निघाला
की फोस्का गरम सूपचा वाडगा घेऊन आडवी जायची.
टेप खिशातच राहायची.

चौसष्टचा मे. वरच्या गटात जायला
एक गोल हवा होता, एकच.
नाणेफेक हरलो.
शेवटच्या मिनिटाला लेआर्कोनं,
भट्टीत माती तुडवणाऱ्या लेआर्कोनं,
डाव्या पायानं असा काही मारला
की चेंडू उत्तरेच्या दांड्यावर, मधोमध.
आजोबा सांगायचे,
पक्क्या विटेवर वीट वाजवावी
तसा आवाज आला. खणखणीत.
मग दोन हजार माणसं गप्प.
हरल्यावर गप्प होतात तशी नाही.
हिशेब करत होती.

वहीत: बरोबरी. वारा होता.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता
लेआर्को एकटाच, फावडं घेऊन, त्या गोलात.
दुपारपर्यंत उंची नियमाबरहुकूम.
आजोबांनी त्याला अर्ध्या दिवसाची मजुरी लावली,
डाव्या पानावर.

पुढे भट्टी बंद पडली.
लोकांना विटेचा वीट आला म्हणून नव्हे,
सिमेंट स्वस्त झालं.
क्लब दोनदा बुडाला, दोनदा निघाला,
दर वेळी नावात एक अक्षर जास्त
आणि गट एक पायरी खाली.
तिसऱ्यांदा काव्हाल्दोसाशी एकत्र झालो.
ज्यांच्याकडे तीन पिढ्या मुलगी दिली नाही
त्यांच्याशी एकच जर्सी, एकच बस.
नीव्हेस आत्यानं त्या दिवशी मफलर उसवला
आणि लोकरीचे गुंडे करून ठेवले. विणलं काहीच नाही.

आता वही माझ्याकडे.
आमच्या खाली गट नाही, बिटाचं शेत आहे.
दर शनिवारी मी चुन्याच्या रेघा मारते,
डाव्या पानावर लिहिते: चुना, दीड पोतं.
गोलात हरजोत असतो,
सकाळी गोठ्यावर दोनशे गाईंचं दूध काढून येतो,
आणि धुक्यात ओरडून विचारतो तेच,
पंजाबी वळणाच्या आमच्या बोलीत.

इथली जमीन हल्ली खचते आहे.
काल उत्तरेच्या गोलात टेप लावली,
दोनदा लावली.
तीन बोटं जास्त.
वहीत अजून लिहिलं नाही.
रविवारी काय ते सूप करावं लागेल.
हरजोत तसा उंच आहे.