कानाच्या आत

इथे त्या रोगाला महिन्याचं नाव आहे.
जानेवारी लागला म्हणतात. जानेवारीनं नेलं म्हणतात.
कॅलेंडरचं ते पहिलं पान
गुटूच्या आसपास कोणी हसून उलटत नाही.

आमची सात होती.
नवऱ्यानं बैलांची नावं
भावाला ऐकू जावीत अशी ठेवलेली:
एक हामुंदिदी, म्हणजे तुमचा माझ्यावर जीव नाही.
एक झ्विचापेरा, म्हणजे हेही सरेल.
नांगर धरला की बांधाकडे तोंड करून
बैलांनाच हाका घालायचा,
आणि पलीकडे झ्विदझाई मान खाली घालून
मका खुरपत राहायचा.
दोघांचं भांडण असं बैलांच्या पाठीवरून जायचं.

मग नवरा गेला. वेगळ्या कशानं तरी, ते इथे नको.
मग टाकीचं औषध संपलं,
पुढचे दोन पावसाळे आलंच नाही.
खडकामागची ती लांबोडकी टाकी बेडकांनी भरली.

आधी कानाखाली गाठ, लिंबाएवढी.
मग खांद्यापुढे.
मग डोळ्यांवर साय.
शेवटी नाकपुड्यांतून फेस,
इतका पांढरा
की कुणी कपडे धुतले असावेत.
एकवीस दिवसांत सहा.
हामुंदिदी मंगळवारी.
ज्याचं नाव हेही सरेल, तेवढा उरला.

आता टाकीवर मीच असते.
पावसाळ्यात दर पाचव्या दिवशी, उजाडायच्या आत.
पाणी घरटी वीस बादल्या.
पहिली दहा गुरं पोहून बाहेर निघतात
आणि आम्ही त्यांना फिरवून पुन्हा उडी घ्यायला लावतो,
कारण औषध तळाशी बसतं
आणि एवढं ढवळायला
जनावराशिवाय दुसरी पळी नाही.
पहिला नंबर इथे कुणालाच नको असतो.

पण टाकी कानात शिरत नाही.
पोहताना गुरू मान वर धरतं, आपण धरू तशीच.
तपकिरी गोचीड तिथेच बसलेला,
कानाच्या पन्हाळीत,
एरंडाच्या बीसारखा टम्म.
तिथे माझं बोट.
ग्रीसचा डबा कमरेला,
एक कान, दुसरा कान, मग शेपटीखाली
(पोरं हसतात. हसू देत).
कान आतून इतका मऊ असतो
हे वीस वर्षं गुरं राखून मला ठाऊक नव्हतं.

परवा वहीत झ्विदझाईची नऊ, आली आठ.
नववी लंगडते, म्हणाला, एवढ्या लांब कशी चालवू.
मी काही बोलले नाही.
गवताच्या पात्याच्या टोकाला तो
पुढचे पाय पसरून बसतो, मिठी मारायला बसावं तसा,
आणि कुणाचं गुरू हे विचारत नाही.

संध्याकाळी डबा घेऊन त्याच्या अंगणात गेले.
चार वर्षांनी.
त्यानं शिंगं धरली. मी कान उलटा केला.
तीन निघाले.
"नाव नाही विचारणार?" तो म्हणाला.
विचारलं.
तौराय.
म्हणजे, बोला की.

गाईला तो नांगराला जुंपत नव्हता.
म्हणून ते नाव
कधी बांधापलीकडे आलंच नाही.

दुसऱ्या कानात आणखी दोन होते.
ते काढले.
म्हटलं, पाच दिवसांनी परत येते.