अंश आणि छेद

पाणी पाचव्या दिवशी येतं, म्हणून
मी चार रात्री अभ्यास करायचे.
पाचवी रात्र नळाची.

तीनच्या सुमाराला पाइपातून आधी नुसता वारा येतो,
मग गढूळ, मग पाणी.
पिंप, घागरी, बंद कूलरची टाकी,
सगळं भरून झालं की पुस्तक उघडायचं.
प्रकरण चौथं: साठवलेलं पाणी आणि डासांची पैदास.
पेन्सिलीनं खुणा करत निम्मं वाचलं
तेव्हा दिसलं, माझ्याच पिंपावर झाकण नाही.

एक्केचाळिसाव्या वर्षी, बाहेरून केलेल्या बी.ए.वर,
सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर प्रमाणपत्र.
वर्षभर शनिवार-रविवार, होटगी रोडला, तिसरा मजला.
वर्गात डॉक्टर, दोन पशुवैद्य,
पुण्याला नोकरी धरायची असलेला एक मुलगा,
आणि मी, नागरी आरोग्य केंद्राची सिस्टर,
जिला मधल्या सुट्टीत सगळे विचारत,
बीपी बघता का जरा?

हत्तुरे सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर आडवी रेघ मारली.
वर अंश, खाली छेद.
"आजारी किती, हे कुणीही सांगेल.
कितींपैकी, ते विचारायला शिका."

कितींपैकी.
अम्माला हे कुणी शिकवलं नव्हतं.
पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार,
त्यातून कारखान्याच्या दारात मास्तर बाजूला काढतो ती छाट.
सही येत नाही तिला,
पण मांडीवरच्या सुपाकडे न बघता
सांगते, आज किती वाया जाणार.

संख्याशास्त्रात मी पहिल्या फेरीत नापास झाले.
घरी सांगितलं, निकाल लांबलाय.

प्रकल्पाला घरकुलातली दोनशे बारा घरं घेतली.
मे महिना, पत्रे तापलेले, दारादारात तंबाखूचा वास.
"दग्गु उंदा?" मी तेलुगूत विचारायचे,
फॉर्मवर मराठीत लिहायचे,
रिपोर्ट इंग्रजीत.
तीन भाषांतून जाता जाता
खोकला थोडा कमी व्हायचा.
चंद्रकला कोंतम म्हणाली, लिही काहीही,
पण आमची विडी बंद होईल असं लिहू नको.
तो रकाना फॉर्मवर नव्हता.
मी तिचं वाक्य मागच्या बाजूला लिहून ठेवलं.

घर क्रमांक सत्तेचाळीस आमचं.
"खोकला?"
"नाही लिही."
"अम्मा, रात्रभर खोकतेस."
"तो माझा आहे. त्यांना कशाला?"
मी हो लिहिलं. वर्षं लिहिली, बावीस.
माझ्या बारावीपासून मोजली, ती आठवण पक्की होती.

सर म्हणाले, स्वतःचं घर नको, निष्कर्ष कलतो.
बरोबरच होतं ते, परीक्षेत मीच असं उत्तर लिहिलं असतं.
रात्री सत्तेचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवलं.
ओळ गेली.
खालच्या सगळ्या एक घर वर सरकल्या.
दशांशचिन्हानंतरचा दुसरा आकडा
हलला.
आत, भिंतीपलीकडे, ती खोकत होती,
आणि दोनशे अकरा घरांचा तक्ता
अगदी स्वच्छ दिसत होता.

प्रमाणपत्र टपालानं आलं, एका कोपऱ्याला दुमडून.
अशोक चौकात लॅमिनेशन केलं,
दुकानदारानं आडनावातला 'ये' मोठ्यानं वाचला,
येमूल, श्रीदेवी येमूल, पास हो?
ह्यांनी टॉवेलच्या कारखान्यातून येताना पेढे आणले, पाव किलो.
अम्मानं हात पदराला पुसले,
तरी कागदाला लावले नाहीत.
लांबूनच विचारलं,
"किती बसले होते?"
"चौतीस."
"पास?"
"एकोणतीस."

कात्री पानावरून गोल फिरली.
"पाच छाट," ती म्हणाली,
आणि पुढचं पान पत्र्यावर ठेवलं.

मग खोकली, बराच वेळ.
फॉर्म माझ्याजवळ नव्हता.